अकरा बुड्या

९ ऑक्टोबर २०२४, बुधवार

दुपारी १४:१० ला डॅनीचा फोन. नेहमीचा नंबर नव्हता, बोटीवरच्या सॅटेलाइट फोनचा होता. मी बोललेलं त्याच्यापर्यंत दोन सेकंदांनी पोचत होतं. म्हणाला, "पप्पा, माझ्या ग्रुपमधली एक पाहुणी आज वर आली नाही."

मी विचारलं, "वर म्हणजे कुठे?"

"पाण्याच्या वर."

सकाळी ८:४० ला ते उतरले होते. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे इथे ५:१० झाले होते आणि मी दूध आणायला निघालो होतो. गाईड म्हणून डॅनी, त्याच्याबरोबर चार पाहुणे उतरले, तीन वर आले. दोन छोट्या होड्या आणि मोठी बोट शोधत आहेत. एवढं सांगेपर्यंत फोन तुटला.

या वहीत मी एरवी पाऊस, गॅस सिलिंडरची तारीख आणि माझं बीपी लिहितो. आज बीपी पाहिलं नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

फोन नाही. हन्नाने, डॅनीच्या आईने, उपास धरला आहे. मी सकाळपासून डॅनीचे जुने व्हिडिओ पाहतो आहे. त्यातल्या एकात तो बोट दाखवतो. लाकडी बोट, तीन मजली, सोळा पाहुणे आणि त्यांच्या सेवेला बावीस माणसं. पाहुणे अकरा-बारा दिवस बोटीवरच राहतात. पलंगावर पडल्या पडल्या समुद्र दिसतो. दिवसातून तीन-चारदा पाठीला हवेची टाकी बांधून पाण्यात उतरायचं, वर आलं की एकजण गरम टॉवेल घेऊन उभा. जवळचं बंदर दोन दिवसांच्या अंतरावर. डॅनी कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, "इथे मोबाईलला रेंज नाही, हीच इथली चैन."

तेव्हा आम्ही हसलो होतो.

मराठीत व्हिडिओ कर, हे मीच त्याला सांगितलं होतं. इंग्रजीत सगळेच बोलतात, तू आपल्या लोकांशी बोल, आपल्याकडची माणसं तिथे आली तर मालक तुला विचारील. ते खरं निघालं. गेल्या वर्षी नाशिकचे चारजण गेले आणि डॅनीला बढती मिळाली.

बत्तीस वर्षं एसटीत काढली, त्यातली शेवटची चौदा श्रीरामपूर स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी उशिरा असली तरी कुठे आहे हे मला माहीत असायचं. पाथर्डीची गाडी घाटात बंद पडली तर मी दुसरी काढून द्यायचो. आज दिवसभर खुर्चीत बसून आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

निवृत्त कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली. इंडोनेशियाजवळच्या समुद्रात बेपत्ता झालेली तरुणी आपल्या जिल्ह्याची. राजनंदिनी, वय एकतीस, पुण्यात कंपनीत इंजिनिअर, मूळ राहणार पुणतांबा. वडील सहादेव, पेरूची मोठी बाग.

पुणतांबा इथून तासाभराचं. मी हन्नाला वाचून दाखवलं आणि म्हणालो, डॅनीला बिचाऱ्याला माहीतही नसेल ती आपल्याकडची आहे ते.

हन्ना म्हणाली, "अहो, माहीत नसायला काय झालं? चार दिवस एका बोटीवर होती दोघं."

१२ ऑक्टोबर, शनिवार

१७:५० ला डॅनी बोलला, पाच मिनिटं. अजून सापडली नाही. विमानही येऊन गेलं. मी विचारलं, एवढा मोठा माणूस पाण्यात जातो कुठे? त्याने समजावून सांगितलं. तिथे समुद्रातून वर आलेला एक डोंगर आहे. त्याच्या कडेला प्रवाह येऊन आपटतो आणि खाली वळतो. "कालव्याच्या मोरीत पाणी कसं खेचतं, तसं. फक्त मोरीचं दुसरं तोंड नाही."

मग म्हणाला, "पप्पा, बाराचे बावन्न मी केले."

मला वाटलं वेळ सांगतो आहे. मी म्हटलं, "तू तर ८:४० म्हणाला होतास."

तो काहीतरी बोलला, पण आवाज फुटत होता. नंतर मी कागदावर मांडून पाहिलं. त्यांचे १२:५२ म्हणजे आपले ९:२२. त्या वेळेला काय झालं ते कळेना. पोरगं झोपलेलं नाही, ऐकूनच कळत होतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

बोट बंदराला लागली. बाकीचे पाहुणे विमानाने आपापल्या देशी गेले. पोलिसांनी डॅनीचा पासपोर्ट ठेवून घेतला. अटक नाही. बंदरातच एक खोली घेऊन राहायचं आणि रोज चौकीवर जाऊन सही करायची.

पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करून गेले. राजनंदिनीचंही नाव त्यांनी घेतलं. मी आमेन म्हणालो, पण माझं मन पासपोर्टमध्येच होतं, हे इथे लिहून ठेवतो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सात दिवस झाले, शोध थांबवला. तिकडचा तसा नियमच आहे म्हणे.

आमच्या मुलीचा, एंजेलाचा, पुण्याहून फोन. जावई कोणा वकिलाला विचारणार आहेत. इथला वकील तिथे काय करणार? दूतावासाला मी मेल पाठवला. उत्तर आलं की मेल मिळाला.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

बोटीच्या कंपनीच्या फेसबुक पानावर आज नवे फोटो आहेत. तीच बोट, नवे पाहुणे, हातात नारळ, गळ्यात फुलं. डॅनीच्या जागी कोणी स्पॅनिश पोरगा आहे. खाली लिहिलं आहे, स्वर्गात पुन्हा स्वागत.

हन्नाला दाखवलं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

कंपनीच्या ऑफिसातून मिस वायान नावाच्या बाईचा फोन. मी सगळं इंग्रजी जपून ऐकलं आणि लगेच लिहून काढलं. मतलब असा: तिकडच्या पोलिसांना प्रकरण वाढवायचं नाही. मुलीच्या आईवडिलांनी गाईडविरुद्ध आमची तक्रार नाही असं लेखी दिलं, तर अपघात म्हणून फाईल बंद होईल आणि डॅनीला पासपोर्ट मिळेल. कंपनीने सरळ मागणं बरं दिसत नाही. तुम्ही जवळ राहता, भाषा एक, तुम्हीच बघा.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या हाताला काही काम मिळालं.

डॅनीला १८:३० ला सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा, तिथे जाऊ नका." मी म्हटलं, तू फक्त कंपनीचे वकील म्हणतील तसं वाग.

२१ ऑक्टोबर, सोमवार

९:१५ च्या गाडीने पुणतांब्याला गेलो, एकटाच. घर विचारावं लागलं नाही. स्टँडवरच्या माणसाने माझ्याकडे पाहून आपणहून हात केला, "दुःखाला आलात न्हवं? तिकडं."

सहादेवभाऊ ओसरीवर बसले होते. साठीचे, उंच, दाढी वाढलेली. मी डॅनीचा बाप आहे म्हटल्यावर ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हाकलतात. पण त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"तुमचंच पोरगं हुतं तिच्यासंगं. बोटीवरच्या फोनवरनं सांगायची ती, दादा, इथं श्रीरामपूरचा डॅनी हाय, काळजी करू नका. आमाला आधार वाटायचा त्याचा."

आत राजनंदिनीची आई, मालनबाई. रडून रडून आवाज बसलेला. बोटीवरच्या एका पाहुण्याने नंतर पाठवलेला फोटो त्यांनी मोबाईलमध्ये दाखवला. मुलगी रबरी पोशाखात, ओले केस, हसते आहे. शेजारी डॅनी.

"तिनं त्याचे व्हिडू बघून बघून ठरावलं जायाचं," मालनबाई म्हणाल्या. "त्यालाच इचारलं, मी येऊ का म्हनून. त्यो म्हनला, ये."

हे मला नवीन होतं. म्हणजे ओळख आधीचीच. 

सहादेवभाऊंनी विचारलं, "शरीर न्हाई तर दहावा कशाचा घालायचा, साहेब? भटजी म्हनतो दर्भाची बाहुली करून घाला. ग्रामपंचायत म्हनती, दाखला सात वर्सांनी. तवर ती कागदावर जित्तीच."

कागदाचं मी बोललोच नाही. चहा घेऊन १३:०० च्या गाडीने परत आलो.

२६ ऑक्टोबर, शनिवार

कागद मिळाला. क्रमाने लिहितो.

हन्ना बरोबर आली. ती आत मालनबाईंकडे गेली, मी ओसरीवर बसलो. मजकूर घरूनच चांगल्या अक्षरात लिहून नेला होता. सहादेवभाऊंनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"ह्यो कशापायी?"

"तिकडच्या पोलिसांना घरच्यांचं म्हणणं लागतं."

"आमचं काय म्हननं? पोरगी गेली, ह्येच म्हननं." मग कागद गुडघ्यावर ठेवून त्यांनी मला विचारलं, "त्यानं काई चुकी केली का?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी सही केली. खाली तारीख घातली, गावाचं नाव घातलं. घडी घालून दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला, जसा प्रसाद देतात.

मालनबाई दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्याला म्हनावं, एकडाव फोन कर. मला त्याला रागवायचं न्हाई. शेवटाला ती भ्याली हुती का, येवढंच इचारायचं."

मी सांगितलं, "फोन पोलिसांनी ठेवून घेतला आहे."

गाडीत हन्ना बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "डॅनी रोज साडेसहाला आपल्याशी बोलतो."

"कंपनीच्या वकिलाने त्याला कोणाशी बोलू नको म्हटलंय."

"ते त्याला म्हटलंय. तुम्हाला खोटं बोलायला कोणी सांगितलं?"

हन्ना मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. लोकांच्या दुःखात ती लगेच वाहून जाते. अशा वेळी कोणीतरी डोकं शांत ठेवायला लागतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

उपासनेहून आलो तर डॅनीचा आवाजी मेसेज. सहा मिनिटं चाळीस सेकंद. तीनदा ऐकला. लिहितो, म्हणजे डोक्यातून निघेल.

त्या समुद्रात प्रवाह जोराचे असतात, म्हणून ज्याने आधी निदान पन्नास बुड्या मारल्या आहेत त्यालाच बोटीवर घेतात. राजनंदिनीने अंदमानात बाराच मारल्या होत्या. तिने डॅनीला लिहिलं, मला फार यायचं आहे, पण पन्नास व्हायला तीन वर्षं लागतील. डॅनीने लिहिलं, ये, मी बघतो. बोटीवर तिने फॉर्मवर बारा लिहिले. डॅनीने एकाचा पाच केला.

बाराचे बावन्न.

सुरुवातीचे तीन दिवस त्याने तिला आपल्या हाताला धरून फिरवलं. चांगली पोहत होती, दहा बुड्या व्यवस्थित झाल्या. चौथ्या दिवशी सकाळच्या, अकराव्या बुडीला प्रवाह अचानक फिरला. एक डच बाई घाबरून वर सुटायला लागली. तशी वेगाने वर गेली असती तर फुप्फुस फाटलं असतं. डॅनीने तिला पकडलं. राजनंदिनीकडे वळून पाहिलं, तर तिने अंगठा आणि बोट जुळवून खूण केली, मी ठीक आहे. तो त्या बाईला घेऊन खडकाकडे वळला. परत पाहिलं तेव्हा ती नव्हती.

शेवटी तो म्हणतो, "बारा बुड्यांच्या माणसाला आपण ठीक आहोत की नाही, हे कळत नाही, पप्पा. बावन्नवाल्याला कळतं. मी तिची खूण बावन्नवालीची म्हणून धरली. मीच लिहिलेलं मला खरं वाटलं."

मी लगेच फोन लावला. विचारलं, "हे आणखी कोणाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस."

"तिला मी बोलावलं होतं, पप्पा."

"ती सज्ञान होती. स्वतःच्या मर्जीने आली."

 मी म्हणालो, सहीचा कागद मिळालाय, आठवड्यात तू घरी येशील. त्याने फोन ठेवला.

२८ ऑक्टोबर, सोमवार

कागदाचा फोटो ९:४० ला मिस वायानला पाठवला.

खूप विचार करून पाठवला. सहादेवभाऊंनी सही केली तेव्हा त्यांना जे वाटत होतं तेच कागदात आहे, त्यात एक अक्षर खोटं नाही. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना आता सांगून त्यांची मुलगी परत येणार का? माझा मुलगा मात्र येऊ शकतो. हन्नाने मेसेज ऐकला आहे. ती काहीच बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं असावं.

३० ऑक्टोबर, बुधवार

मिस वायानचा मेल. फार छान झालं, पोलीस समाधानी आहेत, पुढच्या आठवड्यात पासपोर्ट. मी डॅनीच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. गादी उन्हात टाकली.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. ११:२० ला दारात मोटारसायकल थांबली. सहादेवभाऊ, एकटे. अंगावर धुतलेले कपडे होते, दाढी तशीच.

हन्नाने पाणी आणलं. त्यांनी तांब्याकडे पाहिलं नाही.

"काल तुमच्या पोराचा फोन आला हुता," ते म्हणाले. "समदं सांगितलं त्यानं. बाराचं बावन्न."



"तुमाला म्हाईत हुतं?"

"सही केली तेव्हा नव्हतं."

"आन नंतर?"

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. हन्ना माझ्याकडे पाहत होती. मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"कागद द्या."

मी कपाटातून काढून दिला. मला वाटलं फाडतील. त्यांनी घडी नीट दुमडून खिशात ठेवली. म्हणाले, "त्याचा राग हाय मला, लई हाय. पर त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं. तुमी माज्या ओसरीवर बसून चा पिऊन गेलात."

गाडी सुरू करताना त्यांचा पाय दोनदा किकवरून सटकला.

ते गेल्यावर हन्ना म्हणाली, "डॅनीने त्यांचा नंबर मागितला होता. मी दिला."

मी तिला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

डॅनीने पोलिसांनाही सांगितलं. गुन्हा नोंदवला गेला, निष्काळजीपणाने मृत्यू. मिस वायानचा आवाज आज एकदम वेगळा. फॉर्ममध्ये खोटा आकडा घालणाऱ्या माणसाची जबाबदारी कंपनी घेऊ शकत नाही. त्याला अपघाताच्या तारखेपासूनच कामावरून कमी केलं आहे. यापुढे कृपया मेलवरच कळवावं.

मी डॅनीला सात वेळा फोन केला. त्याने उचलला नाही. संध्याकाळी हन्नाच्या मोबाईलवर मेसेज आला, "मी बरा आहे. पप्पांना सांग."

११ नोव्हेंबर, सोमवार

दूतावासाचं पत्र, यादीतल्या तीन वकिलांची नावं. एंजेला आणि जावई त्यातल्या एकाशी बोलले. तो म्हणतो, कबुली दिली नसती तर काम सोपं होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

हन्ना उपासनेहून परस्पर पुणतांब्याला गेली. मला विचारलं नाही. १७:१० ला परत आली, पिशवीत सहा पेरू. मी विचारलं, कोणी दिले? "मालनबाईंनी."

जेवताना तिने सांगितलं. डॅनीने मालनबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, माझ्या लेकीनं तिथं काय काय पाहिलं ते सांग. तो सगळं सांगायला लागला, तर त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, एका रविवारी एकच बुडी. आज पहिली सांगितली.

"सहादेवभाऊ?"

"बागेत निघून गेले. फोन संपल्यावर आले."

"माझ्याबद्दल काही..."

"नाही," हन्ना म्हणाली.

१५ डिसेंबर, रविवार

आज मीही गाडीत बसलो. हन्नाने जागा दिली. पुणतांब्याला उतरलो आणि माझे पाय स्टँडच्या पुढे जाईनात. मी म्हणालो, तू ये जाऊन, मी इथे बसतो.

दोन तास बसलो. कोपरगावची गाडी पंचवीस मिनिटं उशिरा आली आणि कोणी काही सांगणारं नव्हतं. एक म्हातारी मला विचारत होती, गाडी येईल का? मी म्हणालो, येईल. मला माहीत नव्हतं.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ. एंजेला मुलांना घेऊन आली आहे. करंज्या झाल्या, चांदणी लावली. डॅनीने व्हिडिओ कॉल केला, मोबाईल हातोहात फिरला. माझ्याकडे आला तेव्हा तो म्हणाला, "मेरी ख्रिसमस, पप्पा." मी म्हणालो, "मेरी ख्रिसमस." त्याच्या मागे भिंतीवर पाल होती. वाळला आहे. मला पुष्कळ बोलायचं होतं, पण तोंडात आलं ते असं की तिथे किती वाजले. ते तर मला माहीत असतं.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

निकाल लागला. चौदा महिने.

वकिलाने जावयांना कळवलं, जावयांनी एंजेलाला, एंजेलाने आम्हाला. सहादेवभाऊंनी तिकडे पत्र पाठवलं होतं म्हणे. मला वाटलं, शिक्षा व्हावी म्हणून. तसं नव्हतं. त्यात लिहिलं होतं, त्याने खरं सांगितलं आहे, कायद्याने जे असेल ते करा, जास्त करू नका. इंग्रजी गावातल्या हायस्कूलच्या मास्तरांकडून करून घेतलं होतं.

मी लिहिलेला कागद चांगल्या अक्षरातला होता. तो कुठे उपयोगी पडला नाही.

२० जानेवारी, सोमवार

तुरुंगाचे नियम आले. दर दुसऱ्या रविवारी एक फोन, दहा मिनिटं, आणि नंबर एकच लिहून द्यायचा. मी हन्नाला म्हणालो, तुझा मोबाईल रविवारी नीट चार्ज करून ठेव.

ती भाजी निवडत होती. तशीच म्हणाली, "त्याने मालनबाईंचा नंबर लिहून दिलाय."

"आपला नाही?"

"मला विचारून दिला. मी हो म्हणाले."

मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. पोटचा मुलगा, पंधरवड्यातली दहा मिनिटं, आणि ती आपली नाहीत. तक्रार करावी तर कोणाकडे? थोड्या वेळाने हन्ना येऊन शेजारी बसली. म्हणाली, "त्यांना तेवढ्या बुड्याच जन्मभर पुरवायच्यात हो. आपला तर चौदा महिन्यांनी येणार आहे."

२६ जानेवारी, रविवार

हन्ना गेली. मी नाही. नववी बुडी झाली. आवाज बरा होता म्हणाली, खोकला आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

आज गेलो. उतरल्यावर थांबलो नाही. थांबलो असतो तर बसलो असतो.

ओसरीवर सहादेवभाऊ पेरूच्या क्रेटना कागद लावत होते. मला पाहून हात थांबले. मी म्हणालो, "भाऊ, मी तुमच्याशी खोटं बोललो." एवढंच ठरवून आलो होतो. पुढचं काही सुचलं नव्हतं.

त्यांनी हातातला कागद क्रेटला लावून संपवला. मग पायाने एक रिकामा क्रेट माझ्याकडे सरकवला. "बसा," म्हणाले, आणि आपल्या कामाला लागले.

१४:०० ला आत फोन वाजला. मालनबाईंनी स्पीकर लावून मोबाईल ओसरीच्या उंबऱ्यावर ठेवला. हन्ना त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. डॅनी म्हणाला, "काकू, बरं आहे ना?" माझ्या मुलाचा आवाज मी सेहेचाळीस दिवसांनी ऐकत होतो.

"बरं हाय," मालनबाई म्हणाल्या. "आज तुजे वडील आल्यात. हितंच बसल्यात. देऊ का?"

लाइनवर खरखर चालू होती. मी क्रेटवरून अर्धा उठलो होतो.

"नको," डॅनी म्हणाला. "बसू द्या त्यांना."

मी बसलो.

मग तो दहावी सांगू लागला. तिसऱ्या दिवसाची दुपार. त्या डोंगराभोवती समुद्री साप असतात, शेकडो, अंगावर पट्टे. माणसाला काही करत नाहीत, कुतूहलाने जवळ येतात. एक साप राजनंदिनीच्या हातावरून सरकत गेला. तिने हात हलवला नाही. वर आल्यावर होडीत इतकी हसत सुटली की तोंडातलं पाणी बाहेर आलं. म्हणाली, आमच्या मळ्यात एक निघाला तर आई सगळी आळी गोळा करते, आणि मी शंभरांत जाऊन आले. आईला सांगू नकोस.

मालनबाईंनी पदर तोंडावर धरला. खांदे हलत होते. रडत असाव्यात असं मला वाटलं. पदर काढला तर त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही चाललं होतं. "आगाव," त्या म्हणाल्या. "पयल्यापासून आगाव."

सहादेवभाऊंचे हात थांबले होते. आज ते बागेत गेले नव्हते.

"काकू," डॅनी म्हणाला, "आता एकच राहिली."

 मला वाटलं मिनिटं संपली.

"ती ऱ्हाऊ दे," मालनबाई म्हणाल्या. "म्होरल्या टायमाला पयलीपासून सांग."

 "बरं," डॅनी म्हणाला. मग त्याला खोकला आला, आणि खोकता खोकताच फोन कट झाला.

सहादेवभाऊ उठून भरलेले क्रेट एकावर एक रचायला लागले. शेवटचे दोन जड होते. मी एका बाजूने हात लावला. त्यांनी नको म्हटलं नाही. पावणेचारच्या गाडीने आम्ही परत आलो. पुढचा फोन तेवीस तारखेला.